वाचकांचे प्रश्न : मेलसर्व्हरच्या पुढे रिव्हर्स प्रॉक्सी

या वेळी सगळे प्रश्न एकाच कामाचे घेतले आहेत. मेलसर्व्हर ऑफिसात किंवा घरी असतो, ब्रॉडबँडचा आयपी बदलता असतो. म्हणून बाहेर स्थिर आयपीचं एक व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्यायचं, त्यावर रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरून आलेलं कनेक्शन मागच्या सर्व्हरकडे नेणारा मध्यस्थ) बसवायचा आणि आलेलं कनेक्शन टनेलमधून आत सोडायचं. वेबसाइटसाठी हे काम अर्ध्या तासात होतं. मेलचं तसं नाही. वेबसर्व्हर आलेल्याचा आयपी बहुतेक वेळा नुसता लिहून ठेवतो, मेलसर्व्हर मात्र त्या आयपीवरूनच निर्णय घेतो : कुणाचं मेल पुढे पाठवायचं, कुणाला दारातच थांबवायचं, एसपीएफ (डोमेनचं मेल कुठल्या आयपीवरून यावं याची डीएनएसमधली यादी) जुळला की नाही. प्रॉक्सीत तो आयपी हरवला की हे सगळे निर्णय एकदम चुकतात. खालच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

सगळ्या उत्तरांत मांडणी एकच धरली आहे. व्हीपीएसचा बाहेरचा आयपी २०३.०.११३.२५, वायरगार्ड टनेलमधला (दोन मशीनमधल्या कूटबद्ध मार्गावरचा) त्याचा आयपी १०.८.०.१ आणि मेलसर्व्हरचा १०.८.०.२. दोन्हीकडे डेबियन लिनक्स, आत मेल घेणारं-पाठवणारं पोस्टफिक्स आणि युजरना मेलबॉक्स दाखवणारं डव्हकॉट. कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप कराव्यात.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या मेलसर्व्हरपुढे एचएप्रॉक्सी (रिव्हर्स प्रॉक्सीचा एक प्रोग्रॅम) बसवला. मेल नीट येऊ लागलं. दोन दिवसांनी पाहतो तर रांगेत हजारो परकी मेलं. कुणाचाही पासवर्ड फुटलेला दिसत नाही. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये प्रत्येक कनेक्शन १०.८.०.१ वरून आलेलं दिसतं. हे कसं झालं?
— वाचक, सांगली

उत्तर : तुमचा सर्व्हर ओपन रिले (कुणाचंही मेल कुठेही पाठवणारा) झाला आहे, आणि त्यासाठी पासवर्ड फुटावा लागत नाही. 'पोस्टकॉन्फ मायनेटवर्क्स' ही कमांड चालवून पाहा. त्यात १०.०.०.०/८ किंवा १०.८.०.०/२४ असेल. या यादीतल्या आयपीवरून येणारं मेल पोस्टफिक्स काहीही न विचारता जगात कुठेही पाठवतं. आता जगातला प्रत्येक स्पॅमर तुमच्या प्रॉक्सीतून येतो, म्हणजे पोस्टफिक्सच्या लेखी तो १०.८.०.१ असतो, घरचाच माणूस.

आधी रांग रोखा : 'पोस्टसुपर -एच ऑल'. इथे 'एच' लहान लिपीत आणि 'ऑल' कॅपिटलमध्ये. कॅपिटल 'एच' दिला तर उलट होतं, रोखलेली मेलं सुटतात. रांग सरसकट पुसू नका, त्यात संस्थेची खरी मेलंही असतील. 'पोस्टक्यू -पी'ने यादी पाहा, परक्या प्रेषकांची मेलं 'पोस्टसुपर -डी' आणि मेलचा क्रमांक देऊन काढा, उरलेली सोडा. त्याच बैठकीत मायनेटवर्क्स आवळा :

पोस्टकॉन्फ -ई 'मायनेटवर्क्स = १२७.०.०.०/८ [::१]/१२८'
पोस्टफिक्स रीलोड

यानं गळती थांबेल, पण आयपी अजून हरवलेलाच आहे. तो आत पोचवण्यासाठी प्रॉक्सी प्रोटोकॉल वापरायचा. एचएप्रॉक्सीचे कर्ते विली तारो यांनी तो आखला. कल्पना साधी आहे : कनेक्शन जोडल्याबरोबर, एसएमटीपीचा (मेलसर्व्हर एकमेकांशी बोलतात त्या भाषेचा) एकही शब्द जाण्याआधी, प्रॉक्सी एक ओळ पाठवतो. पहिल्या आवृत्तीत ती वाचता येईल अशी असते :

प्रॉक्सी टीसीपी४ १९८.५१.१००.७ २०३.०.११३.२५ ५१२३४ २५

म्हणजे कुठून आला, कुठे आला, त्याचं पोर्ट, आपलं पोर्ट. दुसऱ्या आवृत्तीत हेच बायनरीत जातं. पोस्टफिक्सला पहिली आवृत्ती २.१० पासून समजते, दुसरी ३.५ पासून. 'पोस्टकॉन्फ मेल_व्हर्जन' चालवून आधी खात्री करा.

व्हीपीएसवर एचएप्रॉक्सीच्या फाइलमध्ये :

फ्रंटएंड मेल_२५
  मोड टीसीपी
  ऑप्शन टीसीपीलॉग
  बाइंड २०३.०.११३.२५:२५
  डीफॉल्ट_बॅकएंड पोस्टफिक्स

बॅकएंड पोस्टफिक्स
  मोड टीसीपी
  सर्व्हर मेल१ १०.८.०.२:१००२५ सेंड-प्रॉक्सी-व्ही२ चेक

मेलसर्व्हरवर मास्टर.सीएफमध्ये प्रॉक्सीसाठी वेगळं दार :

१०.८.०.२:१००२५ इनेट एन - वाय - - एसएमटीपीडी
  -ओ एसएमटीपीडी_अपस्ट्रीम_प्रॉक्सी_प्रोटोकॉल=एचएप्रॉक्सी

दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला रिकामी जागा हवीच, नाहीतर पोस्टफिक्स तिला नवी सेवा समजतं. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मात्र जागा सोडायची नाही. नवं पोर्ट ऐकायला लागण्यासाठी 'पोस्टफिक्स रीलोड' करा आणि 'एसएस -एलटीएनपी'च्या यादीत १००२५ दिसतंय का ते बघा. मशीन बूट होताना वायरगार्डच्या आधी पोस्टफिक्स उठलं तर त्याला १०.८.०.२ हा पत्ता सापडत नाही आणि ते बंदच राहतं. त्याच्या सिस्टिमडी युनिटला 'आफ्टर=डब्ल्यूजी-क्विक@डब्ल्यूजी०.सर्व्हिस' जोडा.

पोर्ट वेगळंच का? कारण ही ओळ दोन्ही बाजूंनी जुळावी लागते. प्रॉक्सीच्या दारावर कुणी ओळ न देता आलं तर पोस्टफिक्स ठरल्याप्रमाणे ५ सेकंद वाट पाहून कनेक्शन सोडतं. साध्या दारावर ओळ आली तर ते तिला चुकीची कमांड समजतं. तिथे पोस्टस्क्रीन (पोस्टफिक्सचा स्पॅमर गाळणारा भाग) चालू असेल तर लॉगमध्ये 'प्रीग्रीट' असं येतं आणि पुढे, पहिली आवृत्ती पाठवत असाल तर, तीच 'प्रॉक्सी टीसीपी४' ओळ छापलेली दिसते. ती दिसली की समजावं, ओळ चुकीच्या दारात गेली आहे. तुम्हाला प्रॉक्सीचं दार पोस्टस्क्रीनकडेच द्यायचं असेल तर 'पोस्टस्क्रीन_अपस्ट्रीम_प्रॉक्सी_प्रोटोकॉल' ही सेटिंग आहे. ती लावल्यावर मागच्या एसएमटीपीडीला वरची सेटिंग लावू नका, पोस्टस्क्रीन खरा आयपी स्वतःच पुढे देतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही ओळ कोण पाठवतंय हे पोस्टफिक्स तपासत नाही. १००२५ पर्यंत जो पोचेल तो 'मी १२७.०.०.१ वरून आलो' असं लिहून पाठवू शकतो, आणि मग तुम्ही पुन्हा ओपन रिले. म्हणून वर नुसतं १००२५ न लिहिता टनेलचा आयपी जोडला आहे. त्यावर फायरवॉलचा नियमही घाला :

एनएफटी ऍड रूल इनेट फिल्टर इनपुट टीसीपी डीपोर्ट १००२५ आयपी एसएड्र != १०.८.०.१ ड्रॉप

'ड्रॉप'चा नियम 'ऍक्सेप्ट'च्या नियमानंतर पडला तर काही उपयोग नाही, म्हणून 'एनएफटी लिस्ट रूलसेट'मध्ये क्रम पाहा. एनएफटीने हाताने घातलेला नियम मशीन पुन्हा सुरू झाल्यावर जातो, तो /ईटीसी/एनएफटेबल्स.कॉन्फमध्येही लिहा.

शेवटी चाचणी, आणि ती ऑफिसच्या नेटवरून नाही. मोबाइल डेटावर बरेचदा २५ हे पोर्ट बंद असतं, तेव्हा दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवरून 'स्वॅक्स' (मेलसर्व्हर तपासण्याचं साधन) चालवा. '--सर्व्हर'ला २०३.०.११३.२५, आणि '--फ्रॉम', '--टू' दोन्ही तुमच्या डोमेनबाहेरचे पत्ते. उत्तरात '४५४ ४.७.१' किंवा '५५४ ५.७.१' आणि 'रिले ऍक्सेस डिनाइड' आलं पाहिजे. २५० (म्हणजे 'स्वीकारलं') आलं तर व्हीपीएसवरचं पोर्ट लगेच बंद करा आणि मायनेटवर्क्सपासून पुन्हा पाहा. ५८७ आणि ४६५ (युजर मेल पाठवतात ती पोर्ट) यांच्यासाठीही अशीच स्वतंत्र दारं लागतील, प्रत्येकाची चाचणी वेगळी.

प्रश्न : २५ वर कनेक्शन जुळतं, पण २२० ची ओळ (सर्व्हरचा पहिला नमस्कार) येतच नाही. काळी स्क्रीन, थोड्या वेळानं बंद. एचएप्रॉक्सीची फाइल तपासणीत बरोबर ठरते.
— वाचक, नाशिक

उत्तर : डेबियनच्या मूळ फाइलमध्ये 'डीफॉल्ट्स'खाली 'मोड एचटीटीपी' लिहिलेलं असतं. फ्रंटएंडमध्ये 'मोड टीसीपी' नसेल तर तेच लागू होतं. एचटीटीपीत आधी क्लायंट बोलतो, एसएमटीपीत आधी सर्व्हर. त्यामुळे एचएप्रॉक्सी क्लायंटच्या विनंतीची वाट पाहतो, क्लायंट २२० ची, आणि मागच्या पोस्टफिक्सला कुणी आलंय हेच कळत नाही. 'मोड टीसीपी' फ्रंटएंड आणि बॅकएंड दोन्हींत लिहा. 'एचएप्रॉक्सी -सी -एफ' फक्त लिखाण तपासतं, तुमच्या मनातला हेतू नाही.

ते करूनही २२० येत नसेल तर दुसरी शक्यता उरते : मागचं दार प्रॉक्सीची ओळ मागतंय आणि तुम्ही 'सेंड-प्रॉक्सी' लिहायला विसरलात. तेव्हा बरोबर ५ सेकंदांनी कनेक्शन तुटतं. किती सेकंदांनी तुटतंय ते घड्याळ लावून मोजा, कारण तिथेच सापडतं.

प्रश्न : प्रॉक्सी प्रोटोकॉल लावल्यापासून लॉगमध्ये खरे आयपी दिसतात. फेल२बॅन (लॉग वाचून त्रासदायक आयपी रोखणारा प्रोग्रॅम) ते पकडतो, 'बॅन केला' असंही लिहितो. पण तोच आयपी पुढच्या मिनिटाला पुन्हा पासवर्ड चाचपतो. नियम चुकला का?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : नियम बरोबर आहे, जागा चुकली आहे. खरा आयपी पोस्टफिक्स आणि डव्हकॉटला कळतो, मेलसर्व्हरच्या फायरवॉलला नाही. फायरवॉल पाकिटावरचा पत्ता पाहते, आणि आत येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर १०.८.०.१ च असतो. बॅन झालेला आयपी घेऊन एकही पाकीट तिथे कधी येणारच नाही. घाईत १०.८.०.१ बॅन करणं हा तर सगळ्यांचंच मेल बंद करण्याचा मार्ग आहे, तो फेल२बॅनच्या 'इग्नोरआयपी'त आधी टाका.

बॅन व्हीपीएसवर बसला पाहिजे. एचएप्रॉक्सीच्या प्रत्येक मेल फ्रंटएंडमध्ये ही ओळ घाला :

टीसीपी-रिक्वेस्ट कनेक्शन रिजेक्ट इफ { एसआरसी -एफ /ईटीसी/एचएप्रॉक्सी/बंद.एलएसटी }

ती फाइल रिकामी का असेना, पण असली पाहिजे, नाहीतर एचएप्रॉक्सी सुरूच होणार नाही. चालू एचएप्रॉक्सीत आयपी घालण्यासाठी :

इको "ऍड एसीएल /ईटीसी/एचएप्रॉक्सी/बंद.एलएसटी १९८.५१.१००.७" | सोकॅट एसटीडीआयओ /रन/एचएप्रॉक्सी/ऍडमिन.सॉक

काढताना 'ऍड'च्या जागी 'डेल'. फेल२बॅनच्या ऍक्शनमध्ये हीच कमांड एसएसएचमधून व्हीपीएसवर चालवा. त्यासाठी वेगळा युजर आणि वेगळी की ठेवा, आणि ऑथोराइज्ड_कीज फाइलमध्ये त्या कीला एकाच ठरावीक स्क्रिप्टशी बांधा. मेलसर्व्हरला व्हीपीएसचं पूर्ण रूट देण्याची काही गरज नाही. अशी घातलेली नोंद एचएप्रॉक्सी रीलोड केल्यावर पुसली जाते. बॅन महिनाभर टिकवायचा असेल तर स्क्रिप्टने ती फाइलमध्येही लिहावी.

डव्हकॉटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आयमॅपवरच (मेलबॉक्स वाचण्याच्या मार्गावर) पासवर्ड जास्त चाचपले जातात, म्हणून लिहितो. तिथे सर्व्हिस 'आयमॅप-लॉगिन'मध्ये नवा 'इनेट_लिसनर' उघडा, 'पोर्ट = १०९९३', 'एसएसएल = येस', 'एचएप्रॉक्सी = येस'. आणि बाहेरच्या पातळीवर 'एचएप्रॉक्सी_ट्रस्टेड_नेटवर्क्स = १०.८.०.१/३२'. डव्हकॉट या यादीबाहेरच्या कुणाची प्रॉक्सी ओळ मानत नाही. पोस्टफिक्समध्ये नसलेली ही सोय इथे आहे, ती पूर्ण वापरा, तिथे अख्खं १०.०.०.०/८ लिहू नका. 'डोव्हएडीएम हू' चालवल्यावर प्रत्येक युजरपुढे त्याचा खरा आयपी दिसला म्हणजे काम झालं.

प्रश्न : दोन त्रास आहेत. फोनवर मेल आल्याची सूचना अधूनमधून येत नाही, ऍप उघडलं की सगळी मेलं एकदम येतात. आणि मोठी अटॅचमेंट असलेली काही मेलं दोनदोनदा, तीनतीनदा मिळतात. प्रॉक्सी बसवण्याआधी यातलं काहीच नव्हतं.
— वाचक, पणजी

उत्तर : दोन्हींचं कारण एकच, टाइमआउट. डेबियनच्या मूळ एचएप्रॉक्सी फाइलमध्ये 'टाइमआउट क्लायंट' आणि 'टाइमआउट सर्व्हर' दोन्ही ५०००० मिलिसेकंद, म्हणजे ५० सेकंद असतात. वेबसाठी ते ठीक आहे.

फोनचं मेल ऍप 'आयडल' ही कमांड देऊन आयमॅपचं कनेक्शन उघडं धरून बसतं. ऍपने ती कमांड २९ मिनिटांच्या आत पुन्हा द्यावी अशी पद्धत आहे. मधल्या वेळात डव्हकॉट दर २ मिनिटांनी 'अजून आहे' अशी एक ओळ पाठवतं. पण तुमचा प्रॉक्सी त्याआधीच, ५० सेकंदांत, कनेक्शन तोडतो. काही ऍप लगेच पुन्हा जोडतात, काही पुढच्या ठरल्या वेळेपर्यंत गप्प राहतात. आयमॅपच्या फ्रंटएंडमध्ये 'टाइमआउट क्लायंट ३५एम' आणि त्याच्या बॅकएंडमध्ये 'टाइमआउट सर्व्हर ३५एम' लिहा. 'एम' विसरलात तर ३५ मिलिसेकंद होतात आणि कुणालाच लॉगिन करता येत नाही.

दुप्पट मेलांची गोष्ट जास्त गंभीर आहे. पाठवणारा सर्व्हर मेल पूर्ण देतो आणि शेवटी एका ओळीवर एकटा ठिपका पाठवतो. त्यानंतर तुमचा सर्व्हर २५० म्हणेपर्यंत तो थांबतो. मधल्या वेळात तुमच्याकडे व्हायरस तपासणी चालू असते. मोठ्या झिप फाइलला ती ५० सेकंदांच्या पुढे गेली की प्रॉक्सी कनेक्शन तोडतो. आत मेल स्वीकारलं गेलेलं असतं, पण २५० बाहेर पोचलेलं नसतं. पाठवणाऱ्याच्या हिशेबी मेल गेलंच नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो. चूक त्याची नाही. एसएमटीपीच्या नियमांत या टप्प्याला १० मिनिटं थांबावं असं म्हटलं आहे. २५, ४६५ आणि ५८७ साठी दोन्ही टाइमआउट ११एम ठेवा, म्हणजे प्रॉक्सी कधीच पहिला कनेक्शन तोडणार नाही. 'टाइमआउट कनेक्ट' मात्र ५ सेकंदच राहू द्या, तो फक्त मागच्या सर्व्हरपर्यंत पोचण्याचा वेळ आहे.

प्रश्न : एकाच आयपीमागे दोन डोमेनचे दोन मेलसर्व्हर आहेत. एनजिनएक्समध्ये (वेबसर्व्हर आणि प्रॉक्सी या दोन्हींचं काम करणारा प्रोग्रॅम) वेबसाइटला जसं नावावरून वळवतो, तसं मेलला वळवता येईल का?
— वाचक, पुणे

उत्तर : ९९३ (आयमॅप) आणि ४६५ वर येईल. २५, ५८७ आणि १४३ (साधं आयमॅप) वर येणार नाही.

९९३ वर पहिल्या पाकिटापासून टीएलएस (कूटबद्ध संवाद) असतं आणि त्यात क्लायंट कुठल्या नावाकडे आलाय ते लिहिलेलं असतं. एनजिनएक्सच्या स्ट्रीम मॉड्यूलमध्ये 'एसएसएल_प्रीरीड ऑन' लिहून ते नाव वाचता येतं, 'मॅप'ने त्यावरून बॅकएंड ठरवता येतो, आणि सर्टिफिकेट प्रॉक्सीवर ठेवावंही लागत नाही. 'स्ट्रीम' हा भाग एनजिनएक्स.कॉन्फमध्ये सगळ्यात वरच्या पातळीवर हवा. कॉन्फ.डी फोल्डरमध्ये ठेवला तर तो 'एचटीटीपी'च्या पोटात जातो आणि 'एनजिनएक्स -टी' तक्रार करतं की ही जागा चालत नाही. 'स्ट्रीम' हा शब्दच ओळखीचा नाही असं म्हणालं तर मॉड्यूल बसवलेलं नाही : 'एपीटी इन्स्टॉल लिबएनजिनएक्स-मॉड-स्ट्रीम'.

२५ वर मात्र सर्व्हर आधी बोलतो. तुमच्या प्रॉक्सीला २२० द्यावंच लागतं, आणि तेव्हा समोरचा कुणाकडे आलाय हे अजून कुणालाच माहीत नसतं. ते कळतं थेट 'आरसीपीटी टू'च्या (मेल कुणाला द्यायचं हे सांगणाऱ्या) ओळीत. एकाच मेलमध्ये दोन्ही डोमेनचे पत्ते असू शकतात, मग अर्धं कनेक्शन इकडे आणि अर्धं तिकडे कसं नेणार? म्हणून २५ साठी प्रॉक्सी नको, व्हीपीएसवर एक छोटं पोस्टफिक्स रिले म्हणून ठेवा :

पोस्टकॉन्फ -ई 'रिले_डोमेन्स = पहिलं.इन, दुसरं.इन'
पोस्टकॉन्फ -ई 'ट्रान्सपोर्ट_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/ट्रान्सपोर्ट'

ट्रान्सपोर्ट फाइलमध्ये दोन ओळी :

पहिलं.इन एसएमटीपी:[१०.८.०.२]:२५
दुसरं.इन एसएमटीपी:[१०.८.०.३]:२५

मग 'पोस्टमॅप /ईटीसी/पोस्टफिक्स/ट्रान्सपोर्ट' आणि रीलोड. या यादीत तुम्ही सर्व्हरचं नाव लिहिणार असाल तर चौकोनी कंस सोडू नका. ते नसले की पोस्टफिक्स त्या नावाचं एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचं ती डीएनएस नोंद) शोधायला जातं, आणि ते एमएक्स म्हणजे हेच व्हीपीएस निघालं की मेल स्वतःभोवती फिरून 'लूप' म्हणून परत जातं.

'रिले_रेसिपिएंट_मॅप्स'ही भराच, दोन्ही सर्व्हरवरचे खरे पत्ते त्यात द्या. नाहीतर रिले नसलेल्या पत्त्यांचीही मेलं घेईल, मागचा सर्व्हर ती नाकारेल, आणि रिले 'पोचलं नाही' अशी पत्रं खोट्या प्रेषकांच्या नावे जगभर पाठवत बसेल. त्यातून तुमचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जातो. एसपीएफ आणि ब्लॅकलिस्टची तपासणीही आता या रिलेवर आणा, खरा आयपी फक्त त्यालाच दिसतो.

५८७ चा प्रश्न सोपा सोडवता येतो : युजरना ४६५ द्या. २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने मेल ऍपसाठी पहिल्यापासून टीएलएस असलेलाच मार्ग पुढे केला आहे, आणि तिथे नावावरून वळवणं जमतं.

प्रश्न : एनजिनएक्सच्या मेल मॉड्यूलने ५८७ आणि आयमॅप चालवतो. 'ऑथ_एचटीटीपी'ची (लॉगिन तपासून एनजिनएक्सला मागचा सर्व्हर सांगणारी) स्क्रिप्ट 'ओके' देते, तरी लॉगमध्ये सर्व्हरचा पत्ता चुकीचा असल्याची ओळ येते. शिवाय दोनच युजरना बरोबर पासवर्ड टाकूनही लॉगिन मिळत नाही.
— वाचक, बंगळुरू

उत्तर : स्क्रिप्ट 'ऑथ-सर्व्हर' या हेडरमध्ये नाव देत असणार, 'लोकलहोस्ट' किंवा 'मेल१'. तिथे आयपीच लागतो, एनजिनएक्स ते नाव शोधत बसत नाही. १०.८.०.२ लिहा, आणि 'ऑथ-पोर्ट'मध्ये पोर्ट.

त्या दोन युजरच्या पासवर्डमध्ये टक्क्याचं चिन्ह किंवा रिकामी जागा आहे का ते पाहा. एनजिनएक्स ही अक्षरं बदलून पाठवतं, टक्क्याचं '%२५' होतं आणि रिकाम्या जागेचं '%२०'. स्क्रिप्टने ती आधी मूळ रूपात आणावीत. पण अधिकच्या चिन्हाची रिकामी जागा करणारं फंक्शन वापरू नका, नाहीतर अधिकचं चिन्ह असलेले पासवर्ड अडतील.

तुम्ही न विचारलेली, पण आम्हाला जास्त काळजीची वाटणारी बाब म्हणजे ५८७. तिथे पासवर्ड तुमची स्क्रिप्ट तपासते. एनजिनएक्स तो पोस्टफिक्सकडे नेत नाही, 'एक्सक्लायंट' कमांडने फक्त आयपी आणि लॉगिनचं नाव कळवतं. पोस्टफिक्समध्ये 'एसएमटीपीडी_ऑथोराइज्ड_एक्सक्लायंट_होस्ट्स = १०.८.०.१' असलं की ते नाव खरं मानलं जातं. चाचणीपुरती 'नेहमी ओके' म्हणणारी स्क्रिप्ट लिहून ती तशीच राहिली, तर कुठल्याही पासवर्डवर कुणीही मेल पाठवू शकेल. आयमॅपला असा धोका नाही, तिथे पासवर्ड मागे जातो आणि डव्हकॉट तो पुन्हा तपासतं. स्क्रिप्टचं ९००० किंवा जे असेल ते पोर्ट १२७.०.०.१ वरच ठेवा. एनजिनएक्स १.१९.४ किंवा पुढचं असेल तर 'प्रॉक्सी_एसएमटीपी_ऑथ ऑन' लावा, मग पोस्टफिक्सही पासवर्ड स्वतः तपासतं.

आणखी एक मर्यादा : हे मॉड्यूल मागच्या सर्व्हरशी टीएलएस बोलत नाही. वायरगार्डमध्ये ते चालतं, उघड्या नेटवर मुळीच नाही. ही गरज असेल तर एचएप्रॉक्सीकडे वळा.

प्रश्न : सर्टिफिकेट कुठे ठेवायचं, प्रॉक्सीवर की मेलसर्व्हरवर?
— वाचक, लातूर

उत्तर : 'मोड टीसीपी'ने नुसतं पुढे सोडत असाल तर मेलसर्व्हरवर. प्रॉक्सीवर काहीच लागत नाही. अडचण नूतनीकरणाची आहे. लेट्स एन्क्रिप्टची साधी तपासणी ८० पोर्टवर येते, आणि ते पोर्ट व्हीपीएसवर असतं. एकतर ८० देखील टनेलमधून आत सोडा, नाहीतर डीएनएसवरची तपासणी वापरा, तिला कुठलंच पोर्ट लागत नाही. नूतनीकरणानंतर 'डोव्हएडीएम रीलोड' आणि 'पोस्टफिक्स रीलोड' आपोआप चालतील अशी '--डिप्लॉय-हुक' द्या. डिस्कवरची फाइल नवी आणि सर्व्हरच्या मेमरीतलं सर्टिफिकेट जुनं, अशा स्थितीत सगळं ठीक दिसत राहतं आणि मुदत संपल्याच्या दिवशी सगळ्यांची लॉगिनं एकदम अडतात. बाहेरून तपासा :

ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट मेल.पहिलं.इन:९९३ -सर्व्हरनेम मेल.पहिलं.इन < /डेव्ह/नल | ओपनएसएसएल एक्स५०९ -नोआउट -सब्जेक्ट -डेट्स

प्रश्न : येणारं मेल उत्तम चालतं. जाणारं मेल मात्र बहुतेकांच्या स्पॅममध्ये पडतं किंवा परत येतं. एसपीएफमध्ये व्हीपीएसचा आयपी लिहिला आहे.
— वाचक, चिपळूण

उत्तर : रिव्हर्स प्रॉक्सी फक्त आत येणाऱ्यांसाठी असतो. तुमचं पोस्टफिक्स मेल पाठवताना थेट ब्रॉडबँडच्या आयपीवरून जातं, आणि तो आयपी ना एसपीएफमध्ये आहे, ना त्याचा पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) तुमच्या नावाचा आहे. मेलसर्व्हरवर :

पोस्टकॉन्फ -ई 'रिलेहोस्ट = [१०.८.०.१]:२५'

व्हीपीएसवर एक पोस्टफिक्स ठेवा. त्याला 'इनेट_इंटरफेसेस = १२७.०.०.१, १०.८.०.१' आणि 'मायनेटवर्क्स = १२७.०.०.०/८, १०.८.०.२/३२' द्या. बाहेर जाताना ते चुकून टनेलचा आयपी धरू नये म्हणून 'एसएमटीपी_बाइंड_ऍड्रेस = २०३.०.११३.२५' स्पष्ट लिहा. एचएप्रॉक्सीत '*:२५' असं बाइंड असेल तर दोघं एकाच दारासाठी भांडतील आणि जो उशिरा उठेल त्याला 'पत्ता आधीच वापरात' अशी चूक येईल. पहिल्या उत्तरात बाइंड पूर्ण आयपीसह लिहिलं आहे ते यासाठीच. ही चूक दिसली की 'एसएस -एलटीएनपी' चालवा, पोर्ट कुणी धरलंय ते शेवटच्या रकान्यात असतं.

२०३.०.११३.२५ चा पीटीआर व्हीपीएस देणाऱ्याच्या पॅनलमधून लावा. तो पोस्टफिक्सच्या 'मायहोस्टनेम'शी जुळला पाहिजे, आणि त्या नावाचा ए रेकॉर्डही (नावावरून आयपी सांगणारी नोंद) याच आयपीवर आला पाहिजे. बऱ्याच क्लाउड कंपन्या बाहेर जाणारं २५ बंद ठेवतात, व्हीपीएस घेण्याआधी हे विचारून घ्या. पैसे भरल्यावर कळलं तर सगळी मांडणी दुसरीकडे हलवावी लागते.

प्रश्न : ओपनएसएसएलच्या 'एस_क्लायंट'ने ५८७ हाताने तपासतो. 'मेल फ्रॉम'पर्यंत सगळं ठीक. 'आरसीपीटी टू' टाइप केलं की 'रीनिगोशिएटिंग' असं येतं आणि कनेक्शन तुटतं. प्रॉक्सीत काय बिघडलंय?
— वाचक, ठाणे

उत्तर : प्रॉक्सीत काहीच बिघडलेलं नाही. 'एस_क्लायंट' ओळीच्या सुरुवातीचा कॅपिटल 'आर' स्वतःसाठीची कमांड समजतं आणि टीएलएसची बोलणी पुन्हा सुरू करायला जातं. कॅपिटल 'क्यू'ने ते बंदच होतं, म्हणून 'क्विट'चंही तसंच. कमांड लहान लिपीत टाइप करा, एसएमटीपीला फरक पडत नाही. किंवा सुरुवातीलाच '-क्वाएट' द्या :

ओपनएसएसएल एस_क्लायंट -क्वाएट -सीआरएलएफ -स्टार्टटीएलएस एसएमटीपी -कनेक्ट मेल.पहिलं.इन:५८७

'-सीआरएलएफ'ही राहू द्या. एसएमटीपीला ओळीच्या शेवटी दोन अक्षरं लागतात, लिनक्सवर एंटर दाबल्यावर एकच जातं.